‘रॉजर’ म्हणजे कोण?

(आपल्या सोसायटीच्या ज्येष्ठ नागरिक गटापुढे गच्चीवर केलेल्या भाषणाचा मजकूर. स्मरणिकेसाठी वक्त्यांनी स्वतः लिहून दिला आहे.)



मी बोलणार म्हटल्यावर बऱ्याच जणांना वाटलं असेल की मुदत ठेवी, नॉमिनेशन, नाहीतर हयातीचा दाखला. सदतीस वर्षं बँकेत काढलेल्या माणसाकडून दुसरी काय अपेक्षा करणार? पण ते विषय मी लिफ्टमध्येही फुकट सांगत असतो. आज विषय वेगळा घेतला आहे आणि तो आपल्या डोक्यावरूनच जातो. म्हणजे तुम्हाला कळणार नाही असं नव्हे, खरोखरच डोक्यावरून जातो. दर दोन-तीन मिनिटांनी. मधेच विमान आलं तर मी थांबेन, तुम्हीही थांबा. पंचवीस वर्षांत आपल्याला तेवढी सवय झालीच आहे.

झालं असं की दिवाळीच्या सुट्टीत नातू आला होता. कॉम्प्युटरवर विमान चालवायचा खेळ खेळत होता. कानाला हेडफोन, आणि तोंडाने काहीतरी इंग्रजी पुटपुटणं चाललेलं. मी विचारलं, ‘‘काय रे, हे काय बडबडतोस?’’ तर म्हणाला, ‘‘आजोबा, टॉवरशी बोलतोय. पण मला एक सांगा, हा रॉजर म्हणजे कोण? प्रत्येक जण त्यालाच हाक मारतो.’’

मला हसू आलं, कारण हाच प्रश्न मी चाळीस वर्षांपूर्वी विचारला होता. तेव्हा मी विमानतळाजवळच्या आमच्या शाखेत होतो. तिथे पगाराची खाती असलेले एक हवाई वाहतूक नियंत्रक होते. माणूस अतिशय कमी बोलणारा. ‘पासबुक भरून मिळेल का?’ एवढ्यावर संभाषण संपायचं. पुढे आमची मैत्री झाली आणि चहा पिता पिता त्यांनी मला ही भाषा थोडी थोडी सांगितली. नंतर निवृत्तीत मी स्वतः बरंच वाचलं. त्यातलं आज तुमच्यापुढे ठेवतो.

आधी एक गोष्ट समजून घ्या. वैमानिक आणि नियंत्रक ज्यावर बोलतात तो रेडिओ आपल्या फोनसारखा नसतो. फोनवर दोघं एकदम बोलू शकतात, भांडूही शकतात. त्या रेडिओवर एका वेळी एकानेच बोलायचं. बटण दाबलं की बोलायचं, सोडलं की ऐकायचं. आणि एकाच लहरीवर दहा-पंधरा विमानं असतात. दोघांनी एकदम बटण दाबलं तर दोघांचंही बोलणं धड पोचत नाही, बाकीच्यांच्या कानात नुसती शिट्टी वाजते. त्यामुळे तिथे ‘काय म्हणता, कसं काय’ ला जागा नाही. प्रत्येक शब्द ठरलेला, आणि एका शब्दाचा एकच अर्थ.

आता रॉजर. रॉजर हा कोणी साहेब नाही. पूर्वी तारयंत्रावर संदेश मिळाला की ‘रिसीव्ह्ड’ या शब्दाचं पहिलं अक्षर ‘आर’ पाठवत. तोंडी बोलायची सोय झाली तेव्हा ‘आर’ अक्षरासाठी ‘रॉजर’ हा शब्द ठरलेला होता. म्हणून रॉजर. पुढे अक्षरांचे शब्द बदलले, ‘आर’ चा ‘रोमिओ’ झाला, पण रॉजर काही हलला नाही. आपल्याकडे नाही का, मालक बदलला तरी दुकान जुन्याच नावाने ओळखलं जातं!

पण रॉजरचा अर्थ नीट लक्षात ठेवा, कारण पुढे तो लागणार आहे. रॉजर म्हणजे ‘तुमचं बोलणं मला पूर्ण मिळालं.’ बस. ‘पटलं’ असा अर्थ नाही, ‘करतो’ असाही नाही. ‘ऐकलं आणि त्याप्रमाणे करतो’ यासाठी वेगळा शब्द आहे, ‘विल्को’. ‘विल कम्प्लाय’ चं ते छोटं रूप. ‘हो’ म्हणायचं असेल तर ‘अफर्म’. पूर्ण शब्द ‘अफर्मेटिव्ह’, पण त्याचं शेपूट ‘निगेटिव्ह’ सारखंच आहे. सुरुवात खरखरीत गेली तर कानावर नुसतं ‘टिव्ह’ पडायचं आणि ‘हो’ चं ‘नाही’ व्हायचं. म्हणून शेपूटच कापून टाकलं.

आकड्यांचंही तसंच. नऊला ‘नाइन’ म्हणत नाहीत, ‘नाइनर’ म्हणतात. कारण ‘फाइव्ह’ आणि ‘नाइन’ खरखरीत सारखेच वाटतात. पाचला ‘फाइफ’. तीनला ‘ट्री’. आणि आकडे एकेक सुटे सांगायचे. आपल्यावरून पश्चिमेकडे तोंड करून उतरणारी विमानं ज्या धावपट्टीवर जातात तिचा क्रमांक २७. होकायंत्रावर पश्चिम म्हणजे २७० अंश, त्यातलं शून्य काढलं की २७. पण ती ‘ट्वेंटी सेवन’ नाही, ‘टू सेवन’.

अक्षरांसाठी अल्फा, ब्राव्हो, चार्ली, डेल्टा ही यादी आहे, ती तुम्ही सिनेमात ऐकली असेल. १९५६ सालापासून ती जगभर विमानांसाठी एकच आहे. त्यात ‘ज्युलिएट’ च्या इंग्रजी स्पेलिंगला शेवटी दोन ‘टी’ लावले आहेत. का? तर फ्रेंच माणूस शेवटचा एकटा ‘टी’ उच्चारत नाही. इतका बारीक विचार!

आणि सर्वांत महत्त्वाचा शब्द, ‘मेडे’. इंग्रजीत ‘मे’ महिना आणि ‘डे’ म्हणजे दिवस, पण त्याचा कामगार दिनाशी काही संबंध नाही. १९२३ च्या सुमारास लंडनजवळच्या क्रॉयडन विमानतळावर फ्रेडरिक मॉकफर्ड नावाचे रेडिओ अधिकारी होते. संकटात हाक मारायला सर्वांना समजेल असा शब्द सुचवा, असं त्यांना सांगितलं गेलं. तिथून बरीचशी विमानं पॅरिसला जात. म्हणून त्यांनी ‘मला मदत करा’ या अर्थाच्या फ्रेंच शब्दांच्या उच्चारावरून ‘मेडे’ सुचवलं. तीनदा म्हणायचं. मेडे ऐकला की बाकी सगळ्यांनी गप्प बसायचं. त्याच्या खालोखाल ‘पॅन पॅन’. म्हणजे अडचण आहे, पण जीव लगेच धोक्यात नाही.

आता तुम्ही म्हणाल, एवढा काथ्याकूट कशाला? तर हे नियम कोणी हौसेने केलेले नाहीत. यातले बरेचसे माणसं गेल्यावर झाले किंवा कडक झाले.

२७ मार्च १९७७. स्पेनच्या कॅनरी बेटांत तेनेरिफ नावाचं बेट आहे. शेजारच्या बेटावरच्या विमानतळावर बॉम्ब फुटला म्हणून बरीच विमानं इकडे वळवली होती. विमानतळ लहान, विमानांची गर्दी आणि वर धुकं. धावपट्टीच्या एका टोकाला हॉलंडच्या केएलएम कंपनीचं जम्बो जेट उड्डाणाच्या तयारीत. त्याच धावपट्टीवरून अमेरिकेच्या पॅन अॅमचं जम्बो सावकाश पुढे येत होतं. धुक्यामुळे दोघांना एकमेक दिसेनात आणि टॉवरला दोघंही दिसेनात. नियंत्रकाने केएलएमला उड्डाणानंतरचा मार्ग सांगितला. उडायची परवानगी दिली नव्हती, पण त्या वाक्यात ‘टेक-ऑफ’ हा शब्द येऊन गेला. वैमानिकांनी उत्तर दिलं, त्याचा अर्थ ‘आम्ही उड्डाणाच्या जागी आहोत’ असाही होत होता आणि ‘आम्ही उडतोय’ असाही. नियंत्रक म्हणाला, ‘‘ओके.’’ क्षणभर थांबून पुढे म्हणाला की थांबा, मी सांगेन. नेमक्या त्याच क्षणी पॅन अॅमने बटण दाबून सांगितलं की आम्ही अजून धावपट्टीवरच आहोत. दोघं एकदम बोलले. केएलएमच्या कॉकपिटमध्ये स्पष्ट पोचलं ते एवढंच, ‘ओके’, आणि मग शिट्टी.

त्यांच्या फ्लाइट इंजिनिअरला शंका आली होती. त्याने विचारलंही की ते विमान बाजूला झालं नाही का? पण कॅप्टन कंपनीतले सर्वांत ज्येष्ठ वैमानिकांपैकी, दुसऱ्यांना शिकवणारे. ते ठामपणे ‘झालं’ म्हणाले. विषय संपला. ५८३ माणसं गेली. विमान वाहतुकीच्या इतिहासात एवढे मृत्यू दुसऱ्या कुठल्याही अपघातात झालेले नाहीत. तेव्हापासून नियम असा की प्रत्यक्ष उडायची परवानगी देताना किंवा ती रद्द करतानाच ‘टेक-ऑफ’ हा शब्द उच्चारायचा. इतर वेळी ‘डिपार्चर’ म्हणायचं. आणि नुसत्या ‘ओके’ वर कोणी काही करायचं नाही.

दुसरी गोष्ट क्वालालंपूरची, फेब्रुवारी १९८९. फ्लायिंग टायगर कंपनीचं मालवाहू जम्बो उतरत होतं. नियंत्रकाने सांगितलं, ‘डिसेंड टू फोर झिरो झिरो’, म्हणजे दोन हजार चारशे फुटांपर्यंत खाली या. इंग्रजीत ‘टू’ म्हणजे दोन, आणि ‘टू’ म्हणजे ‘पर्यंत’ सुद्धा. वैमानिकाने ऐकलं, ‘चारशेपर्यंत’. त्याने उत्तरही दिलं, ‘ओके, फोर झिरो झिरो.’ म्हणजे आपण काय ऐकलं ते त्याने बोलून दाखवलं होतं. पण ऐकणाऱ्याने ते कानाआड केलं, दुरुस्त केलं नाही. विमान टेकडीवर आदळलं. चारही कर्मचारी गेले.

आमच्या बँकेत पूर्वी ‘कॉलिंग’ असायचं. एक जण व्हाउचर मोठ्याने वाचणार, दुसरा लेजरमध्ये बघून खूण करणार. वाचणारा वाचतो, पण दुसरा डुलक्या काढत खुणा करत असेल तर त्या कॉलिंगचा उपयोग शून्य. विमानाच्या भाषेत याला ‘रीडबॅक’ म्हणतात. उलट वाचून दाखवणं हे अर्धं काम, ते लक्ष देऊन ऐकणं हे उरलेलं अर्धं. चेकवर रक्कम आकड्यात आणि अक्षरी अशी दोनदा लिहायला लावतात, तीही याच कारणाने.

आपल्या देशातलीही एक आठवण आहे. १२ नोव्हेंबर १९९६, हरियाणातलं चरखी दादरी. दिल्लीहून निघालेलं सौदियाचं जम्बो आणि दिल्लीला येणारं कझाकस्तानचं विमान हवेत एकमेकांवर आदळले. ३४९ माणसं गेली. सौदियाला चौदा हजार फुटांची परवानगी होती, कझाक विमानाला पंधरा हजारांची, आणि ते पंधराच्या खाली आलं. चौकशी झाली, तेव्हा त्या वैमानिकांचं इंग्रजी कच्चं होतं हाही मुद्दा पुढे आला. आता आंतरराष्ट्रीय उड्डाणांसाठी वैमानिक आणि नियंत्रक दोघांनाही इंग्रजी बोलण्या-समजण्याची परीक्षा द्यावी लागते. सहा पायऱ्या आहेत, किमान चौथी लागते.

तिसरी गोष्ट मला सगळ्यात जास्त लागली. जानेवारी १९९०. कोलंबियाहून न्यूयॉर्कला येणारं आव्हियांका कंपनीचं विमान. हवा खराब, म्हणून त्याला वाटेत तीन ठिकाणी मिळून सव्वा तासाहून जास्त घिरट्या घालायला लावल्या. इंधन संपत आलं. सहवैमानिक रेडिओवर म्हणत होता, ‘आम्हाला प्राधान्य द्या’, ‘आमचं इंधन संपत चाललंय’. पण ‘मेडे’ किंवा ‘इमर्जन्सी’ हा शब्द त्याच्या तोंडून आला नाही. नियंत्रकांना वाटलं, सगळ्याच विमानांचं इंधन कमी झालं असणार. तो सभ्यपणे, शांत आवाजात बोलत राहिला. उतरण्याचा पहिला प्रयत्न फसला आणि दुसऱ्याला इंधन उरलं नाही. १५८ पैकी ७३ जण गेले.

याच्या उलट २००९ मध्ये न्यूयॉर्कलाच हडसन नदीवर विमान उतरवलं, ते तुम्ही बातम्यांत पाहिलं असेल. पक्षी आदळून दोन्ही इंजिनं बंद पडली होती. नियंत्रक धावपट्टी देऊ करत होता आणि कॅप्टन सरळ म्हणाला, ‘अनएबल’. जमणार नाही. सबब नाही, लाज नाही. १५५ च्या १५५ वाचले.

आता घरची गोष्ट. ही सांगायला मी सौ.ची परवानगी घेतली आहे. ती पुढच्या रांगेत बसली आहे, माझं कॉलिंग करायला.

तीन वर्षांपूर्वी तिचं इन्सुलिन सुरू झालं. डॉक्टरांनी डोस बदलला तो फोनवर. मी तेव्हा मार्केटात, एका हातात कोथिंबीर, मागे रिक्षांचे हॉर्न. डॉक्टर म्हणाले, ‘‘काका, सकाळी अठरा, रात्री आठ.’’ मी म्हटलं, ‘‘हो हो, आलं लक्षात.’’ आणि फोन ठेवला. घरी येऊन डायरीत लिहिलं, सकाळी ८, रात्री १८. बँकेची सवय, म्हणून पुढे अक्षरीसुद्धा लिहिलं. रात्री अठरा फक्त. अक्षर सुवाच्य, मजकूर उलटा.

रात्री अडीचला जाग आली ती तिच्या पुटपुटण्याने. अंग घामाने चिंब, आणि मला तिच्या भावाच्या नावाने हाक मारत होती. सदतीस वर्षं दुसऱ्यांच्या चुका पकडलेला मी, पण माझे हात थरथरत होते. बी विंगच्या दुसऱ्या मजल्यावरच्या सिस्टर इंटरकॉमवरून एका हाकेला वर आल्या. त्यांनी मशीन लावलं, आकडा ४१. ती गिळू शकत होती, म्हणून त्यांनी साखरेचं पाणी घोट घोट पाजलं. शेजारच्या मुलाने अॅम्ब्युलन्स बोलावली आणि वॉचमनला कळवलं, ‘‘बी विंग, चौथा मजला.’’ वॉचमनने ऐकलं, ‘डी विंग’. स्ट्रेचर गेलं डी विंगच्या चौथ्या मजल्यावर. तिथल्या आजोबांनी दार उघडलं आणि ‘‘मी तर बरा आहे’’ असं सांगितलं. ते आज हसतायत, पण त्यात सात-आठ मिनिटं गेली.

सिस्टर नसत्या तर ती सात-आठ मिनिटं मला जन्मभर पुरली असती.

दुसऱ्या दिवशी डॉक्टरांनी विचारलं, ‘‘काका, मी काय सांगितलं होतं?’’ मी डायरी पुढे केली. ते काही बोलले नाहीत. चूक त्यांची नव्हती. ‘हो हो’ म्हणून मी त्यांना रॉजर दिला होता, आणि तोही खोटा. मला संदेश मिळालाच नव्हता. परत एकदा ‘सकाळी एक-आठ अठरा, रात्री आठ, बरोबर?’ एवढं म्हटलं असतं तर पाच सेकंद लागली असती.

तेव्हापासून आमच्या घरी नियम आहे. फोनवर औषध, रक्कम, गाडीची वेळ काहीही सांगितलं की उलट म्हणून दाखवायचं. समोरच्याने ‘बरोबर’ म्हटल्याशिवाय फोन ठेवायचा नाही. नवीन डॉक्टर आधी वैतागतात, मग त्यांनाच बरं वाटतं.

दुसरं म्हणजे वॉचमनच्या केबिनमधला फलक तुम्ही पाहिला असेल. कमिटीने माझी सूचना मान्य केली, त्याबद्दल आभार. ए एकादशीचा, बी बदकाचा, सी सीताफळाचा, डी डमरूचा. पोरं हसतात, हसू द्या. पण इंटरकॉमवर ‘बदकाचा बी’ म्हटलं की ते डी विंगला जात नाही. आणि वॉचमनने तो उलट म्हणून दाखवला तर त्याच्यावर ओरडू नका. तो उद्धटपणा करत नाही, तुमचा जीव वाचवतोय.

तिसरी गोष्ट फलकावर लिहिता येत नाही, म्हणून इथे सांगतो. आपण सगळे सत्तरीच्या आसपासचे. मुलं पुण्याला, बंगलोरला, परदेशात. रविवारी फोन येतो. ‘‘बाबा, कसे आहात?’’ आपण म्हणतो, ‘‘ठीक आहे रे, जरा गुडघा, जरा चक्कर, वयाप्रमाणे चालायचंच. तू काळजी करू नकोस.’’ हे त्या आव्हियांकाच्या सहवैमानिकासारखं आहे, मंडळी. शांत आवाजात, सभ्यपणे, इंधन संपत आल्याचं सांगायचं. आणि ऐकणाऱ्याला वाटतं, सगळ्यांचंच होतं हे. मुलांची यात चूक नाही. त्यांना आपला शब्द कळत नाही, कारण आपण तो उच्चारतच नाही.

तेव्हा छातीत दुखलं तर ‘जरा गॅसेस’ म्हणू नका. जिना चढवत नसेल तर ‘अनएबल’ म्हणा, चक्क जमत नाही म्हणा. आणि वेळ आलीच तर मेडे. तीनदा. रात्रीचे अडीच असले तरी. या सोसायटीत पंचवीस वर्षं पाण्यावरून, पार्किंगवरून आपण किती भांडलो ते कमिटीच्या मिनिट्समध्ये आहे. पण मेडे ऐकून ज्याने दार उघडलं नाही असा सभासद मला तरी आठवत नाही.

ते बघा, आलं विमान. थांबतो.

गेलं. आत्ता त्या कॉकपिटमध्ये कोणीतरी ‘टू सेवन’ म्हणून दाखवलं असेल आणि टॉवरमध्ये कोणीतरी ते नीट ऐकलं असेल. म्हणून ते सुखरूप उतरेल.

संयोजक बाई खुणावतायत, चहा तयार आहे. मी म्हणून दाखवतो, भाषण संपवायचं आणि चहा घ्यायचा. बरोबर?

विल्को.